समुद्री शेवाळातलं आर्सेनिक: दुकानातल्या पाकिटापासून ताटापर्यंत काय तपासायचं

जपानला राहायला गेलेल्या, कोरियन-जपानी दुकानातून सामान आणणाऱ्या किंवा 'आयोडीन-लोह मिळतं' म्हणून शेवाळ खायला लागलेल्या शाकाहारी मंडळींना एक प्रश्न कधी ना कधी पडतो: यात आर्सेनिक असतं म्हणतात, मग खायचं की नाही? इंटरनेटवर दोन टोकाची उत्तरं मिळतात. एकाच्या मते सगळंच शेवाळ विष, तर दुसऱ्याच्या मते जपानी लोक शतकानुशतकं खातात म्हणजे काळजी नको. दोन्ही उत्तरं टाकून द्या. कोणतं शेवाळ, त्यात कोणत्या प्रकारचं आर्सेनिक, आणि स्वयंपाकघरात त्याचं काय केलं, या तीन गोष्टी कळल्या की निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येतो.

सोबत एवढं असू द्या: ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा, निदान तीन लिटरचं पातेलं, बारीक जाळीची गाळणी, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो. पाकिटावर जपानी, कोरियन किंवा चिनी लिपी असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून घ्या, पण समोरच्या बाजूचं नव्हे. समोर जाहिरात असते. घटक आणि जातीचं नाव मागे असतं.

१. दोन आर्सेनिकांमधला फरक आधी समजून घ्या

समुद्राच्या पाण्यात आर्सेनिक मुख्यतः आर्सेनेट या रूपात असतं. त्याचा रेणू फॉस्फेटसारखा दिसतो. शेवाळाला वाढीसाठी फॉस्फेट हवं असतं, त्यामुळे फॉस्फेट आत घेणाऱ्या वाटेनेच आर्सेनेटही आत शिरतं. शेवाळालाही ते घातकच, म्हणून बहुतेक जाती त्यावर प्रक्रिया करून त्याची साखरेशी जोडलेली संयुगं बनवतात. त्यांना आर्सेनोशुगर म्हणतात. हे सेंद्रिय आर्सेनिक असेंद्रिय आर्सेनिकापेक्षा पुष्कळच कमी विषारी आहे.

आपल्याकडे जुन्या माणसांना ठाऊक असलेला सोमल म्हणजे असेंद्रिय आर्सेनिक. बंगालच्या विहिरींच्या पाण्यात सापडतं तेही असेंद्रियच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरते. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जात राहिलं तर त्वचेवर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांवर कडक घट्टे, हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हृदयविकाराशीही संबंध आढळला आहे.

इथे मराठीत एक खास घोटाळा होतो. पाकिटावरचं 'सेंद्रिय' प्रमाणपत्र शेतीच्या किंवा काढणीच्या पद्धतीबद्दल असतं. रसायनशास्त्रातल्या सेंद्रिय आर्सेनिकाशी त्याचा काहीही संबंध नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या पाकिटातही असेंद्रिय आर्सेनिक भरपूर असू शकतं, कारण ते त्या जातीच्या स्वभावात असतं.

२. पाकिटावर जातीचं नाव शोधा

सगळा खेळ जातीवर आहे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये बाजारातल्या पाच शेवाळांची तपासणी प्रसिद्ध केली: हिजिकी, अरामे, वाकामे, कोंबू आणि नोरी. एकूण आर्सेनिक पाचांतही भरपूर होतं, किलोमागे १८ ते १२४ मिलिग्रॅम. असेंद्रिय आर्सेनिक मात्र फक्त हिजिकीत सापडलं, तेही तिच्या प्रत्येक नमुन्यात. कोरड्या हिजिकीची सरासरी निघाली किलोमागे सुमारे ७७ मिलिग्रॅम.

हा आकडा किती मोठा आहे ते बघा. ७७ मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे एका ग्रॅमला ७७ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे आणि भारतीय मानकातली मर्यादाही तीच. म्हणजे एक ग्रॅम कोरडी हिजिकी जशीच्या तशी खाल्ली, तर त्या मर्यादेवरचं जवळपास पावणेआठ लिटर पाणी प्यायल्याइतकं आर्सेनिक पोटात जातं. तांदळाशी तुलना करायची तर युरोपात पांढऱ्या तांदळासाठीची मर्यादा किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेवरचा अर्धा किलो तांदूळ एका बाजूला आणि एक ग्रॅम हिजिकी दुसऱ्या बाजूला ठेवली, तर असेंद्रिय आर्सेनिक सारखंच भरेल.

आता ओळख. हिजिकी ही सार्गासम वंशातली तपकिरी शेवाळ, शास्त्रीय नाव सार्गासम फ्युसिफॉर्मे. जुन्या लेबलवर हिझिकिया फ्युसिफॉर्मे असंही दिसतं. विकली जाते ती उकळून किंवा वाफवून वाळवलेली, काळी कुळकुळीत, चहापत्तीसारखी किंवा तुटक्या काड्यांसारखी. जपानमध्ये पानांच्या कळ्यांना मेहिजिकी आणि लांब देठांना नागाहिजिकी म्हणतात. कोरियात हीच वनस्पती 'तोत' म्हणून मिळते. 'आपण तर कोरियन दुकानातून आणलं, ते जपानी नव्हतं' असं म्हणून सुटका होत नाही.

गोंधळ होतो तो अरामेशी. तीही काळी, पातळ पट्ट्यांसारखी, आणि दुकानात बऱ्याचदा हिजिकीशेजारीच असते. अरामेत त्या तपासणीत असेंद्रिय आर्सेनिक सापडलं नव्हतं. हिजिकीची चव आवडत असेल तर अरामे हा सरळ पर्याय आहे. मात्र नाव वाचूनच घ्या. रंगरूपावरून दोन्हींतला फरक नवख्याला कळत नाही.

दुसरी फसगत 'कोंबू' या नावात आहे. जपानी कोंबू वेगळा, आणि आयर्लंड किंवा फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून येणारा, कोंबू म्हणूनच विकला जाणारा लॅमिनारिया डिजिटाटा वेगळा. या युरोपीय जातीच्या काही नमुन्यांत असेंद्रिय आर्सेनिक लक्षणीय आढळलं आहे. युरोपात राहत असाल तर पाकिटावर शास्त्रीय नाव बघा. ते छापलेलंच नसेल तर ते पाकीट मी तरी घेणार नाही.

३. हिजिकी खायची की नाही, ते एकदाच ठरवा

कॅनडाने २००१ मध्ये आणि ब्रिटनने २००४ मध्ये हिजिकी टाळा असा सल्ला दिला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्न मानकात समुद्री शेवाळासाठी असेंद्रिय आर्सेनिकाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम आहे. फ्रान्समध्ये कोरड्या शेवाळाला ३ मिलिग्रॅमची मर्यादा धरतात. सामान्य हिजिकी यातल्या कशातच बसत नाही.

जपानची भूमिका वेगळी आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने २००४ मध्येच सांगितलं की समुद्री शेवाळामुळे आर्सेनिकची विषबाधा झाल्याची नोंद नाही, हिजिकी अति प्रमाणात आणि सतत खाल्ली नाही व आहार चौरस ठेवला तर आरोग्याला धोका वाढणार नाही. जपानी माणूस सरासरी दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास हिजिकी खातो, हा त्यामागचा आधार. पण तो हिशोब त्या काळच्या 'आठवड्याला सहन होणारं प्रमाण' या आकड्यावर बेतला होता, आणि अन्न व कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने तो आकडा २०१० मध्ये मागे घेतला. २०२४ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने धोका मोजण्याचा संदर्भबिंदू शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.०६ मायक्रोग्रॅम इतका खाली आणला. ही 'एवढं चालेल' अशी मर्यादा नव्हे. धोका मोजायला कुठून सुरुवात करायची, ती खूण आहे.

यावरून माझं मत सरळ आहे. पर्याय उपलब्ध असतील तिथे हिजिकी घरी आणू नका. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर अजिबात नको. मुलाचं वजन कमी, त्यामुळे तेवढ्याच घासाचा किलोमागचा वाटा मोठा होतो. जपानमध्ये राहत असाल आणि शाळेच्या जेवणात किंवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये महिन्यातून काही वेळा चमचाभर येत असेल, तर घाबरून मुलाचा डबा वेगळा करण्याइतकं कारण नाही. तीच भाजी घरीही आठवड्यातून तीनदा होत असेल तर मात्र थांबवा.

'पण लोह मिळतं ना?' हा शाकाहारी घरांतला नेहमीचा प्रश्न. जपानच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यात २०१५ मध्ये या समजुतीला मोठा धक्का बसला. लोखंडी कढईत उकळलेल्या हिजिकीत १०० ग्रॅमला ५८.२ मिलिग्रॅम लोह निघालं, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात उकळलेल्या हिजिकीत अवघं ६.२. म्हणजे लोह कढईचं होतं! त्यासाठी आपल्या घरातली लोखंडी कढई आणि अळीव पुरेत.

४. खायचीच असेल तर उकळा आणि पाणी फेकून द्या

असेंद्रिय आर्सेनिक पाण्यात उतरतं, हीच आपल्या हातातली सोय. जपानच्या कृषी मंत्रालयाने तीन पद्धतींची तुलना दिली आहे. नुसतं पाण्यात भिजवून पाणी टाकलं तर सुमारे ५० टक्के असेंद्रिय आर्सेनिक जातं. न भिजवता पाण्यात उकळून पाणी टाकलं तर सुमारे ८० टक्के. आधी भिजवून, मग ताज्या पाण्यात उकळून, दोन्ही वेळचं पाणी टाकलं तर सुमारे ९० टक्के. तिसरी पद्धत वापरा:

अ) कोरडी हिजिकी काट्यावर मोजा. चार माणसांच्या भाजीला २० ग्रॅम पुष्कळ होते. फुगून ती कित्येक पट होते, अंदाजाने मूठभर घेतली की हमखास जास्त पडते.

आ) दीड-दोन लिटर साध्या पाण्यात ३० मिनिटं भिजवा. वाटीभर पाण्यात भिजवण्याचा उपयोग नाही. थोड्या पाण्यात उतरलेलं आर्सेनिक तिथेच शेवाळाभोवती राहतं.

इ) गाळणीत ओता, हाताने घट्ट पिळा, पाणी मोरीत जाऊ द्या.

ई) पातेल्यात पुन्हा तेवढंच नवं पाणी घ्या, उकळी आणा, हिजिकी टाका आणि ५ मिनिटं झाकण न ठेवता उकळा.

उ) गाळा, वाहत्या पाण्याखाली धुवा, पुन्हा पिळा. आता फोडणी द्या किंवा भाजी करा.

कोकणात भाताची पेज काढतात, तसंच हे पाणी काढायचं. फरक एवढाच की ही पेज प्यायची नाही, आमटीतही घालायची नाही. नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते. 'जीवनसत्त्वं पाण्यात जातात' म्हणून भिजवलेलं पाणी रस्सा करायला वापरलं की निम्मं आर्सेनिक ताटात परत येतं.

प्रेशर कुकर तर नकोच. कमी पाणी, बंद भांडं, पाणी टाकायला वाव नाही. हिजिकीचा भात करताना कोरडी हिजिकी तांदळासोबत थेट राइस कुकरमध्ये टाकतात, तिथेही तेच होतं, वर तांदळाचं आर्सेनिक वेगळं. भातावर भुरभुरवायच्या कोरड्या मसाल्यात, म्हणजे फुरिकाकेत हिजिकी असेल तर ती किती धुतली-उकळली हे तुम्हाला कळणार नाही. गानमोदोकी नावाच्या तळलेल्या तोफूच्या वड्यांतही बऱ्याचदा हिजिकीचे काळे तुकडे असतात. शाकाहारी मंडळी त्या निर्धास्त खातात. प्रमाण थोडं असतं, पण रोजच्या हिशोबात धरा.

आता ९० टक्के गेलं म्हणजे काम झालं का? ५ ग्रॅम कोरड्या हिजिकीत सरासरीने ३८५ मायक्रोग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक. त्यातलं ९० टक्के गेलं तरी उरतं ३८ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या मर्यादेवरचं जवळपास चार लिटर पाणी. कधीतरी खायला हरकत नाही, रोजच्या जेवणात नको.

५. बाकीच्या शेवाळांत आर्सेनिकापेक्षा आयोडीनकडे बघा

नोरी, वाकामे आणि जपानी कोंबू यांत आर्सेनिक बहुतांशी आर्सेनोशुगरच्या रूपात असतं. सुशीचा नोरीचा एक पूर्ण कागद सुमारे ३ ग्रॅमचा. मुलांच्या डब्यातल्या भाजलेल्या नोरीच्या पट्ट्या तर त्याहून हलक्या. त्यांना हिजिकीच्या रांगेत बसवू नका. आर्सेनोशुगर शरीरात फुटून त्यातलं बरंचसं लघवीवाटे जातं. त्याचे दीर्घकालीन परिणाम अजून अभ्यासाखाली आहेत, तेव्हा पाकिटावर पाकीट फस्त करायचं कारण नाहीच.

कोंबूत खरी अडचण आयोडीनची. जपानी तक्त्याप्रमाणे एका ग्रॅम कोरड्या कोंबूत सुमारे २ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि प्रौढाची दिवसाची गरज ०.१५ मिलिग्रॅम. नोरीत ते ग्रॅमला ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास. शाकाहारी दाशी, म्हणजे जपानी रश्श्याचं मूळ पाणी, म्हणून रोज कोंबूचं पाणी पिणाऱ्यांनी, विशेषतः थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हे चालू ठेवू नये.

६. गोळ्या आणि पावडरींपासून लांब राहा

केल्पच्या कॅप्सूल, 'थायरॉइड सपोर्ट' पावडर, शेवाळाचं 'डिटॉक्स' मिश्रण. इथे उकळून पाणी टाकण्याची सोयच नसते, जे आहे ते सगळं पोटात जातं. वर जातीचं नाव बऱ्याचदा नुसतं 'केल्प', म्हणजे मोठ्या तपकिरी शेवाळांचं सरसकट नाव. कॅलिफोर्नियात केल्पच्या गोळ्या घेणाऱ्या ५४ वर्षांच्या बाईचे केस गळले, स्मरणशक्ती कमी झाली, लघवीत आर्सेनिक सापडलं. ही नोंद २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्या नोंदीवर टीकाही झाली, कारण मोजलं होतं एकूण आर्सेनिक, असेंद्रिय किती ते वेगळं काढलं नव्हतं. टीका रास्त होती. तरीही गोळी विकणाऱ्याकडून असेंद्रिय आर्सेनिकाचा आकडा मागा. तो देता येत नसेल तर पैसे वाचवा.

७. प्रयोगशाळेत तपासणी करायची असेल तर

हा भाग शेवाळ आयात करणाऱ्या, विकणाऱ्या किंवा त्याचा पदार्थ बाजारात आणणाऱ्या छोट्या उद्योजकांसाठी. साधी 'आर्सेनिक टेस्ट' मागितली की प्रयोगशाळा एकूण आर्सेनिकाचा आकडा देते. नोरीत तो किलोमागे २०-२५ मिलिग्रॅम येतो आणि माल नाकारला जातो किंवा तुमची झोप उडते. उलट, तसाच आकडा दुसऱ्या जातीत आला आणि 'शेवाळात असतंच एवढं' म्हणून सोडून दिला, तर असेंद्रिय भाग निसटतो. दोन्ही चुका एकाच मागणीतून होतात.

अर्जावर लिहा: असेंद्रिय आर्सेनिक, आर्सेनिकाच्या रूपांनुसार विश्लेषण (स्पेसिएशन), एचपीएलसी-आयसीपी-एमएस पद्धत (ही आर्सेनिकाची रूपं आधी वेगळी करते, मग मोजते). युरोपात माल पाठवायचा असेल तर ईएन १६८०२ हे २०१६ चं मानक त्यासाठीच आहे. सोबत द्यायच्या गोष्टी: शेवाळाचं शास्त्रीय नाव, काढणीची जागा आणि महिना, खेपेचा क्रमांक, नमुना कोरडा की ओला, धुतलेला की न धुतलेला. प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यता या विशिष्ट चाचणीसाठी आहे का, हे तिच्या मान्यतेच्या यादीत तपासा. नुसती मान्यता असून भागत नाही. अहवाल हातात आल्यावर आधी एकक बघा, मग आकडा कोरड्या वजनावर आहे की ओल्या. ओल्यावरचा आकडा कोरड्याच्या मर्यादेशी ताडून 'पास' म्हणणारे अहवाल बाजारात फिरतात.

८. लघवीची तपासणी सांगितली असेल तर

नोकरीच्या ठिकाणच्या तपासणीत किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून लघवीतलं आर्सेनिक मोजायचं असेल, तर आधीचे चार-पाच दिवस मासे, कोळंबी, शिंपले आणि सगळी समुद्री शेवाळं बंद ठेवा. माशातलं आर्सेनोबीटेन हे सेंद्रिय आर्सेनिक जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं आणि एकूण आकडा फुगवतं. आर्सेनोशुगरचं शरीरात डीएमए नावाचं संयुग बनतं, आणि असेंद्रिय आर्सेनिकाचंही शेवटी डीएमएच बनतं. त्यामुळे 'असेंद्रिय अधिक त्याची रूपं' अशी बेरीज देणारा अहवालसुद्धा शेवाळ खाणाऱ्याच्या बाबतीत फसवतो. डॉक्टरांना तुम्ही शेवाळ खाता हे आपणहून सांगा. आपल्याकडे कोणी ते विचारणार नाही. आकडा जास्त आला तर पथ्य पाळून पुन्हा तपासा, आणि तोवर कोणाच्या सांगण्यावरून शरीरातून धातू काढायची औषधं सुरू करू नका.

९. आपल्या किनाऱ्यावरचं शेवाळ

मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सार्गासमच्या जाती वाढतात आणि वादळानंतर किनाऱ्याला लागतात. हिजिकी याच वंशातली आहे, आणि या वंशातल्या इतर काही जातींतही असेंद्रिय आर्सेनिक जास्त आढळलं आहे. व्हिडिओ बघून ते घरी आणून शिजवू नका. गुरांना वैरण म्हणूनही नको. युरोपच्या पशुखाद्य नियमांत शेवाळाच्या भुकटीत असेंद्रिय आर्सेनिक किलोमागे २ मिलिग्रॅमहून कमी असल्याचं दाखवायला सांगता येतं, आणि हिजिकीचा तिथे नावानिशी उल्लेख आहे.

चायना ग्रास मात्र बेलाशक वापरा. ते शेवाळ नव्हे, लाल शेवाळातून गरम पाण्याने काढलेला आणि गाळून शुद्ध केलेला अगर आहे. खाद्य अगरसाठी युरोपात एकूण आर्सेनिकाचीच मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे, आणि अर्धा लिटर दुधाला लागतं जेमतेम ५ ग्रॅम.